जुन्या जीपचा ऑइल प्रेशरचा काटा खाली आला: इंजिन उघडण्याआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९९२ची महिंद्रा एमएम ५४०, प्यूजोचं २११२ सीसी डिझेल इंजिन. मीटर पॅनेल मागच्या मालकाने बदललेलं, त्यात ० ते ५ बारचं इलेक्ट्रिक ऑइल प्रेशर मीटर. जुना सेंडर (ब्लॉकवर बसून ऑइलचा दाब मीटरला कळवणारा भाग) गळायला लागला म्हणून दोन महिन्यांपूर्वी नवा बसवला. तेव्हापासून गाडी गरम झाली की आयडलला (रेस न देता जागेवर चालू असताना) काटा शून्याच्या जरासाच वर असतो आणि पळताना दीडच्या पुढे सरकत नाही. पूर्वी आयडलला एक आणि पळताना तीन दाखवायचा. सकाळी थंड इंजिन चालू केलं की पूर्वी चार दाखवायचा, आता दोन. मध्ये एकदा सेंडरची तार निसटली होती, तेव्हा काटा थेट शेवटाला जाऊन टेकला होता. गॅरेजमध्ये सांगितलं, बेअरिंग गेली, हाफ इंजिन (इंजिन अर्धं उघडून दुरुस्ती) करावं लागेल. तर इंजिन उघडायचं का?

अजून नाही. पण खरं प्रेशर मोजून होईपर्यंत गाडी रस्त्यावरही काढू नका. या दोन्ही गोष्टी एकदम सांगतोय, कारण लोक त्यातली सोयीची तेवढी एक ऐकतात. कोणी काटा खाली दिसला की घाबरून इंजिन उघडतो, तर कोणी "मीटरच खराब असेल" म्हणत तसाच महाबळेश्वरला जाऊन येतो आणि परतीच्या वाटेवर क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता दांडा) लॉक करून घेतो. मीटर खोटं बोलत असेल हा अंदाज बऱ्याचदा बरोबर ठरतो. तरीही तो मोजून सिद्ध होईपर्यंत काटा खरा आहे असंच धरून चालायचं.

आधी पाच मिनिटांचं काम. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून ऑइल खाली उतरू द्या आणि पट्टी काढून पुसून लेव्हल बघा. कमी असेल तर कळलंच. वरच्या खुणेच्याही वर असेल तर जास्त काळजी करा. ऑइल आपोआप वाढत नसतं. डिझेल इंजिनात लेव्हल वाढलेली असेल तर बहुतेक वेळा डिझेल खाली चेंबरमध्ये (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतंय. फीड पंपाचा डायफ्राम फाटला किंवा इंजेक्टर टपकायला लागला की असं होतं. पट्टीचा वास घ्या, ऑइल दोन बोटांत चोळून बघा, आणि एक थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाकून थोडा वेळ ठेवा. काळ्या डागाभोवती पातळ, तेलकट कडं लांबवर पसरलं तर डिझेल मिसळल्याचा संशय पक्का धरा. असं पातळ झालेलं ऑइल प्रेशर खरोखरच पाडतं, आणि तिथे मीटरचा काही दोष नसतो. मग इंजिन चालू करून कान द्या. खालून जड, खोल ठोका येत असेल आणि रेस दिल्यावर वाढत असेल तर तिथेच बंद करा आणि गाडी टो करून न्या. पुढच्या सगळ्या तपासण्या ठोका नसलेल्या इंजिनासाठी आहेत.

आता प्रेशर म्हणजे काय, हे दोन ओळींत समजून घेऊ, नाहीतर पुढचे आकडे डोक्यावरून जातील. ऑइल पंप प्रेशर तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. ते ऑइल क्रँक आणि बेअरिंगमधल्या बारीक फटीतून बाहेर पडताना जो अडथळा होतो त्यातून प्रेशर उभं राहतं. पाण्याच्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तसंच. फट वाढली किंवा ऑइल पातळ झालं की अडथळा कमी होतो आणि प्रेशर उतरतं. १५डब्ल्यू-४० ऑइलची दाटी ४० अंशांना साधारण ११० सेंटिस्टोक असते आणि १०० अंशांना १४-१५ वर येते. म्हणजे ऑइल पूर्ण गरम झाल्यावर ते सात-आठ पट पातळ झालेलं असतं. त्यामुळे सकाळी चार दाखवणारं इंजिन दुपारी सिग्नलला एक दाखवत असेल तर ते चांगलं इंजिन आहे. वरच्या टोकाला रिलीफ व्हॉल्व्ह बसलेला असतो. प्रेशर ठरावीक मर्यादेपुढे गेलं की तो उघडतो आणि जास्तीचं ऑइल परत सोडतो.

किती असलं म्हणजे ठीक? गॅरेजमध्ये सगळे पौंडात (पीएसआय) बोलतात, म्हणून आधी हिशेब: १ बार म्हणजे साडेचौदा पौंड. दर हजार आरपीएमला दहा पौंड हा जुना ठोकताळा आहे आणि गरम इंजिनाला तो अजूनही बऱ्यापैकी लागू पडतो. जुन्या विलीस पेट्रोल जीपच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तर आयडलला किमान ६ पौंड आणि ताशी ३५ मैलांना किमान २० पौंड चालेल असं म्हटलेलं आहे. म्हणजे आयडलला अर्ध्या बारच्याही खाली. यावरून तुमच्या डिझेलला ६ पौंड पुरतील असा अर्थ मात्र काढू नका, तुमच्या इंजिनाच्या मॅन्युअलमधला आकडा शोधा. सांगायचा मुद्दा एवढाच की गरम आयडलला काटा खाली असणं हा बेअरिंग गेल्याचा पुरावा नव्हे. दोन हजार आरपीएमला, पूर्ण गरम इंजिनावर काय मिळतं, निर्णय त्यावर घ्यायचा.

आता मुख्य काम. सेंडर काढा आणि त्याच्या जागी साधं मेकॅनिकल प्रेशर गेज लावा. हायड्रॉलिक फिटिंगच्या दुकानात ० ते ७ किंवा ० ते १० किलोचं गेज (एक किलो म्हणजे साधारण एक बार), मीटरभर प्रेशर होज आणि तुमच्या आट्याचा निपल सहज मिळतो. या गेजमध्ये बोर्डन ट्यूब असते: वाकवलेली चपटी पितळी नळी, आत प्रेशर आलं की सरळ व्हायला बघते आणि दात्यांमधून काटा फिरवते. युजीन बोर्डन या फ्रेंच माणसाने १८४९ साली तिचं पेटंट घेतलं, आणि अजून तिच्यापेक्षा भरवशाचं आणि स्वस्त साधन या कामाला नाही. तिला तार नको, अर्थिंग नको, बॅटरी नको, त्यामुळे ती खोटं बोलायची शक्यता फार कमी.

होज लावताना तो सायलेन्सरच्या मॅनिफोल्डला आणि फॅनला लागणार नाही असा बांधा. गरम ऑइल प्रेशरखाली मॅनिफोल्डवर उडालं तर आग लागते. शेजारी अग्निशामक ठेवा, इंजिन चालू असताना होजच्या सांध्यावर तोंड नेऊ नका. चालू केल्यावर काही सेकंदांत काटा उठला पाहिजे. दहा सेकंदांत उठला नाही तर बंद करा. थंड आकडा लिहून घ्या. मग जागेवरच इंजिन गरम होऊ द्या आणि एक लक्षात ठेवा, पाण्याचा काटा वर आला म्हणजे ऑइल गरम झालं असं नाही. ऑइल पाण्याच्या बरंच मागून तापतं. वीसेक मिनिटं चालू ठेवून मग आयडलचा आणि दोन हजार आरपीएमचा आकडा घ्या. तो ठीक आला तर होज बॉनेटखालून केबिनमध्ये घेऊन, नीट बांधून, एक चढ मारून या आणि परत तेच दोन आकडे घ्या. हे चार-पाच आकडे कागदावर आले की बेअरिंगबद्दलची चर्चा अंदाजाने करायची गरज उरत नाही.

मेकॅनिकल गेजवर प्रेशर चांगलं आलं तर इंजिनाला हात लावायचा नाही. दोष मीटर, तार, अर्थिंग किंवा सेंडर यांतला आहे. तुमच्या वर्णनावरून माझा संशय सेंडरवर आहे, तोही विशिष्ट कारणाने. ते कारण नीट सांगतो, कारण ही चूक बाजारात फार होते.

इलेक्ट्रिक मीटरचा सेंडर म्हणजे ऑइलच्या दाबाने हलणारा पडदा आणि त्याच्यामुळे रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकणारा कॉन्टॅक्ट. दाब बदलला की ओहम बदलतात आणि मीटर ते ओहम वाचून काटा हलवतं. आता कुठल्या दाबाला किती ओहम, याच्या वेगवेगळ्या पद्धती आहेत. युरोपियन व्हीडीओ (जर्मन मीटर कंपनी) पद्धतीत शून्य प्रेशरला १० ओहम आणि पूर्ण प्रेशरला १८० ते १८४. अमेरिकन आफ्टरमार्केट पद्धत बरोबर उलटी: शून्याला २४० आणि पूर्णला ३३. तार निसटली तेव्हा तुमचा काटा शेवटाला गेला, म्हणजे सर्किट तुटल्यावर, ओहम अमर्याद झाल्यावर मीटर फुल दाखवतं. याचा अर्थ तुमचं मीटर पहिल्या प्रकारचं, १०–१८०चं आहे. २४०–३३चं असतं तर तार निसटल्यावर काटा शून्यावर पडला असता.

हे एवढं कळलं की अर्ध्या शंका आपोआप गळून पडतात. कोकणातल्या किंवा पावसाळी भागातल्या गाडीत सेंडरच्या टर्मिनलवर हिरवा गंज धरतो, तारेच्या टोकाची लग आतून काळी पडते, इंजिनाची अर्थिंग पट्टी ढिली होते. या सगळ्यामुळे सर्किटमध्ये जास्तीचे ओहम येतात. तुमच्या मीटरमध्ये जास्तीचे ओहम म्हणजे जास्तीचं प्रेशर. म्हणजे गंजाने आणि खराब अर्थिंगने तुमचा काटा वर जाईल, खाली येणार नाही. २४०–३३च्या मीटरमध्ये हाच गंज काटा खाली पाडतो. मला पहिला प्रकार जास्त धोक्याचा वाटतो. काटा खोटा खाली असला तर मालक निदान गाडी थांबवतो, पण खोटा वर असला तर खरं प्रेशर संपेपर्यंत कुणाला काही कळत नाही. इथे वाचणाऱ्या ज्यांचा काटा ऑइल बदललं नसताना अचानक "छान वर" राहायला लागलाय, त्यांनी आधी टर्मिनल आणि अर्थिंग बघावं.

तर तुमच्या गाडीत काटा खाली दाखवायला तीनच मोठी कारणं उरतात. प्रेशर खरंच कमी आहे, किंवा सेंडरची तार कुठेतरी घासून बॉडीला लागतेय, किंवा सेंडर चुकीच्या रेंजचा आहे.

व्हीडीओ पद्धतीचे सेंडर ० ते ५ बार आणि ० ते १० बार अशा दोन रेंजमध्ये मिळतात. दोघांचंही शून्याला १० ओहम आणि फुलला १८०च्या आसपास. दिसायला भावंडं: तोच पितळी षटकोन, तोच गोल पत्र्याचा डबा, आटेही बहुतेक तेच. पाच बारच्या मीटरला दहा बारचा सेंडर जोडला की काय होतं? इंजिनात खरे २ बार असताना दहाचा सेंडर ५० ओहमच्या आसपास देतो, आणि पाचचं मीटर ५० ओहमला १ बार दाखवतं. बरोबर निम्मं. इंजिन बंद असताना दोघंही १० ओहम, म्हणून काटा बिनचूक शून्यावर येतो आणि मीटर-सेंडर जुळत नसतील अशी शंकाही कुणाला येत नाही.

आता तुमचेच आकडे बघा. पळताना तीनचे दीड झाले, थंड असताना चारचे दोन, आयडलला एकचं अर्धं. सगळीकडे निम्मं, आणि तेही सेंडर बदलल्या दिवसापासून. बेअरिंगची झीज अशी वागत नाही. झिजलेलं इंजिन सकाळी थंड असताना, ऑइल दाट असताना, प्रेशर जवळजवळ पूर्वीएवढंच दाखवतं आणि गरम झाल्यावर कोसळतं. थंड आणि गरम दोन्ही वेळा सारख्याच प्रमाणात घट आली तर आधी मोजणाऱ्या साधनाकडे बघायचं. अर्थात अडकून उघडा राहिलेला रिलीफ व्हॉल्व्हसुद्धा थंड प्रेशर पाडू शकतो. म्हणूनच मेकॅनिकल गेजची तपासणी टाळू नका म्हणतोय. माझा तर्क कितीही जुळत असला तरी तो गेजच्या आकड्याची जागा घेऊ शकत नाही.

सेंडर काढल्यावर त्याच्या षटकोनावर किंवा डब्यावर रेंज कोरलेली असते, ती कापडाने पुसून वाचा. काही नकली मालावर काहीच नसतं. तिथे एक टी (तीन तोंडांचा जोड) लावून सेंडर आणि मेकॅनिकल गेज दोन्ही एकदम जोडा, सेंडरची तार काढा, आणि इंजिन चालू ठेवून मल्टिमीटरने टर्मिनल आणि सेंडरची बॉडी यांच्यामधले ओहम मोजा. गेज २ बार दाखवत असताना मल्टिमीटर ८०च्या आसपास दाखवत असेल तर सेंडर पाचचा, ५०च्या आसपास दाखवत असेल तर दहाचा. ओहम मोजताना तार काढलेलीच हवी, नाहीतर मीटरचा करंट मध्ये येतो आणि वाचन चुकतं.

सेंडरला दोन टर्मिनल असतील तर आणखी एक गोष्ट बघा. जी अक्षराचं टर्मिनल मीटरचं, डब्ल्यूके लिहिलेलं वॉर्निंग दिव्याचं. मीटरची तार चुकून डब्ल्यूकेला लागली तर इंजिन बंद असताना काटा शून्यावर आणि चालू केलं की थेट फुल, मधलं काहीच नाही. ही तुमची तक्रार नाही, पण सेंडर बदलल्यावर "काटा एकदम वरच जातो" म्हणून येणाऱ्यांत हे हमखास सापडतं.

मीटर स्वतः बरोबर आहे का, हे बघायला मला आवडणारी पद्धत साधी आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत किंवा तुमच्या गावच्या टीव्ही रिपेअरवाल्याकडून १०, ८२ आणि १८० ओहमचे एक-एक वॉटचे रेझिस्टर घ्या. किंमत नगण्य. सेंडरची तार काढून तिच्या आणि इंजिनाच्या स्वच्छ धातूच्या मध्ये एकेक रेझिस्टर लावा आणि चावी ऑन करा, इंजिन बंदच. १० ओहमला काटा शून्यावर, ८२ला दोनच्या आसपास, १८०ला पाचच्या जवळ आला पाहिजे. तिन्ही जागी बरोबर आला तर मीटर, तार आणि इंजिनाची अर्थिंग एकदम पास झाली आणि उरला फक्त सेंडर. २४०–३३चं मीटर असणाऱ्यांनी २४०, १०० आणि ३३ ओहम वापरावेत, काटा अनुक्रमे शून्य, मध्य आणि फुल.

रेझिस्टर लावूनही काटा खालीच राहिला तर हीच चाचणी मीटरच्या मागे जाऊन करा: सेंडरची तार मीटरवरून सोडवा आणि रेझिस्टर मीटरच्या टर्मिनलपासून बॉडीला लावा. तिथे बरोबर आणि सेंडरपाशी चूक, म्हणजे मधली तार कुठेतरी बॉडीला लागतेय. जीपमध्ये फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या) भोकातला रबरी ग्रोमेट वाळून गळून पडलेला असतो आणि पत्र्याची धार तारेचं आवरण कापत जाते. तार चिमटीत धरून हलवत हलवत काटा बघा, जिथे तो उडी मारेल तिथे थांबा. चाचणी दोन्हीकडे चुकली तर मीटरला येणारा सप्लाय आणि मीटरची स्वतःची अर्थिंग तपासा. पॅनेल नंतर बसवलेलं असेल तर अर्थिंग बहुधा एखाद्या रंगवलेल्या स्क्रूवर घेतलेली सापडते. हेडलाइट लावल्यावर किंवा इंडिकेटरच्या ठेक्यावर काटा हलत असेल तर शंभर टक्के अर्थिंगचं काम आहे.

अर्थिंगबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण जुन्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग झालं की हा त्रास ठरलेला. सेंडरची अर्थिंग त्याच्या आट्यांतून ब्लॉकला, ब्लॉकमधून पट्टीने चेसिसला आणि तिथून बॅटरीला जाते. इंजिन मात्र रबरी फाउंडेशनवर बसलेलं असतं, त्यामुळे ती एक पट्टीच सगळा भार उचलते. इंजिन उतरवून परत बसवताना ती रंगावर बसवली जाते किंवा लावायचीच राहते. मग सेल्फ मारताना करंट अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल गरम व्हायला लागते. तपासायचं असं: इंजिन चालू, हेडलाइट ऑन, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नको. दुसरं सेंडरच्या षटकोनावर. ०.१ व्होल्टपर्यंत उत्तम. ०.३च्या पुढे गेलं तर पट्टी काढा, दोन्ही बाजूंचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा, पेट्रोलियम जेली लावून परत आवळा.

ज्यांच्या गाडीत मीटर वेगळ्या प्रकारचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. चावी ऑन केल्यावर काटा हळूहळू सरकत वर येत असेल तर ते गरम होऊन वाकणाऱ्या द्विधातू पट्टीचं मीटर आहे. त्याच्या जुन्या सेंडरमधला कॉन्टॅक्ट उघडझाप करत असतो, म्हणून मल्टिमीटरने ओहम मोजून काही निष्पन्न होत नाही. या मीटरची तार बॉडीला लावून बघायची असेल तर क्षणभरच लावा, काटा हलायला लागला की काढा, नाहीतर आतली वाइंडिंग जळते. काही गाड्यांत अशा मीटरांना दहा व्होल्टचा स्टॅबिलायझर असतो. डिझेलचा आणि पाण्याचा काटासुद्धा एकाच वेळी जास्त दाखवायला लागला असेल तर त्या स्टॅबिलायझरची अर्थिंग गेलेली असते. तिथे सेंडर बदलत बसण्यात पैसे घालवू नका.

डॅशबोर्डपर्यंत थेट ऑइलची बारीक नळी आलेली असेल तर ते बोर्डन ट्यूबचंच मीटर. विजेचा संबंध नाही. काटा आळसावलेला असेल तर नळीत गाळ साचलाय किंवा हवा अडकलीय. इंजिन बंद करूनही काटा वरच अडकून राहत असेल तर मीटरच्या आतली नळी जास्त दाबाने ताणली गेलीय, ते मीटर बदला. तांब्याची नळी कंपनांनी कडक होऊन तडकते, म्हणून ब्लॉकजवळ तिला एक-दोन वेटोळे देतात. ते वेटोळे "नीटनेटकं करू" म्हणून कुणी सरळ केले असतील तर परत घाला. ही नळी केबिनमध्ये फुटली तर गरम ऑइल चालवणाऱ्याच्या पायावर येतं.

समजा, मेकॅनिकल गेजनेही कमीच दाखवलं. तरी बेअरिंग ही यादीतली शेवटची वस्तू. आधी ऑइल आणि फिल्टर बदलून परत मोजा, डिझेल मिसळलं असेल तर ते कारण आधी दुरुस्त करून. मग रिलीफ व्हॉल्व्ह उघडा: प्लंजरखाली धातूचा कण किंवा कार्बन अडकून तो उघडा राहिलेला असू शकतो, स्प्रिंग दमलेली किंवा तुटलेली असू शकते. स्प्रिंगखाली वॉशर घालून प्रेशर "वाढवू" नका. आयडलला हा व्हॉल्व्ह बंदच असायला हवा, त्यामुळे वॉशरने आयडलचं प्रेशर एक पौंडही वाढत नाही. मग चेंबर उतरवून ऑइल पंपाची जाळी बघा. वर्षानुवर्षे ऑइल वेळेवर न बदललेल्या इंजिनात जाळीवर काळा चिखल बसलेला असतो, आणि पंपाच्या सक्शन पाइपच्या सांध्यातून हवा ओढली जात असते. चेंबर खाली आलाच आहे तर बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाची) एक-दोन कॅप सोडून बेअरिंगचा चेहरा बघा. वरचा करडा थर जाऊन खाली तांबूस दिसायला लागला असेल, तर मग गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं, आणि क्रँक मोजून ग्राइंडिंगचा निर्णय घ्या.

फक्त एखाद्या उभ्या चढावर, वरंध घाटासारख्या वळणात किंवा जोरात ब्रेक मारल्यावर काटा पडून परत येत असेल तर ऑइल जाळीपासून दूर सरकतंय. लेव्हल वरच्या खुणेपर्यंत ठेवा, त्याच्या वर नको.

आणखी दाट २०डब्ल्यू-५० ऑइल टाकून काटा वर आणण्याचा सल्ला तुम्हाला मिळेलच. मॅन्युअलने तुमच्या हवामानाला ते ऑइल मान्य केलं असेल तर जरूर वापरा. पण झीज लपवायला म्हणून टाकत असाल तर माझा ठाम विरोध आहे. काट्यावर प्रेशर जास्त दिसेल, आणि बेअरिंगमधली फट होती तेवढीच राहील. गाडी विकायच्या आधी हे केलेलं मी अनेकदा पाहिलंय. नवीन मालकाच्या खिशाला आणि जिवाला त्याची किंमत मोजावी लागते.

शेवटी, योग्य रेंजचा सेंडर बसवताना. आधी आटे जुळवा. एक अष्टमांश इंच एनपीटीला (अमेरिकन आटा) इंचात २७ आटे असतात, बीएसपीला (ब्रिटिश आटा) २८, आणि बऱ्याच युरोपियन सेंडरना एम १० बाय १ हा मेट्रिक आटा असतो. तिन्ही जवळपास सारखे दिसतात, दोन-तीन फेरे हाताने बसतात आणि मग अडकतात. अडकलं की पाना लावून रेटू नका. ब्लॉकमधले आटे गेले तर मोठं काम निघतं. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका: सेंडरची अर्थिंग आट्यांतूनच असते, आणि टेपचे तुकडे ऑइलच्या वाटेत जातात. टेपर (निमुळत्या) आट्याला काही लागत नाही, सरळ आट्याला तांब्याचा वॉशर लावा. पाना षटकोनावरच लावा, डब्याला धरून फिरवलं की कडेची घडी सुटते आणि तिथूनच ऑइल पाझरायला लागतं.

मीटरबरोबर वॉर्निंग दिवाही ठेवा. चालवताना काट्याकडे सतत कुणाचं लक्ष नसतं. त्याचा स्विच साधारण अर्ध्या बारच्या खाली प्रेशर गेलं की दिवा लावतो, सोबत एक बझर जोडला तर आणखी चांगलं. त्यासाठी ब्लॉकला टी लावावा लागेल, आणि तिथे एक काळजी घ्या. मोठ्या डब्याचा जड सेंडर पितळी टीवर टांगून ठेवला तर डिझेलच्या थरथरीने टी मुळाशी तडकतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर. ब्लॉकपासून छोटा प्रेशर होज घ्या, टी आणि सेंडर फायरवॉलवर क्लॅम्पने पक्के करा, आणि सेंडरच्या बॉडीपासून ब्लॉकपर्यंत अर्थिंगची वेगळी तार ओढा. रबरी होजमधून अर्थिंग जात नाही, आणि तुमच्या १०–१८०च्या मीटरमध्ये अर्थिंग नसली की काटा कायम फुल दाखवत राहील.